विश्लेषण : डोक्यावर ऊन, तरी सिपनेला पूर! सेमाडोहचा हवामान अंदाज कसा वाचायचा?

पावसाळ्यात शनिवार-रविवार आला, की अमरावती, अकोला, नागपूरहून चिखलदरा आणि सेमाडोहच्या दिशेने गाड्या निघतात. निघण्यापूर्वी मोबाइलवर ‘अमरावती’ टाकून हवामान पाहिले जाते, ढगाचे चित्र दिसले नाही की बेत पक्का होतो. पण मेळघाटात धोका डोक्यावरच्या ढगापेक्षा वरच्या डोंगरात आधीच पडून गेलेल्या पावसाचा अधिक असतो. हवामान विभागाचा अंदाज सेमाडोहला किती लागू पडतो, त्यातील ‘तुरळक ठिकाणी’, ‘यलो’, ‘ऑरेंज’ या शब्दांचा अर्थ काय, आणि घाट चढण्यापूर्वी नेमके काय पाहावे, याविषयी...

सेमाडोहचे हवामान अमरावतीपेक्षा वेगळे का?

चिखलदरा तालुक्यातील सेमाडोह हे परतवाडा-धारणी मार्गावरील गाव. मेळघाट व्याघ्र प्रकल्पात, सिपना नदीच्या काठी, चारही बाजूंनी सातपुड्याच्या गाविलगड रांगांनी वेढलेले. परतवाड्याकडून येणारा रस्ता आधी घाट चढतो आणि मग सिपनेच्या खोऱ्यात उतरतो. म्हणजे एकाच प्रवासात सपाट वऱ्हाड, डोंगरमाथा आणि खोरे अशी तीन वेगवेगळी हवामाने लागतात.

अमरावती शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटर उंचीवर आहे, तर चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. दर एक किलोमीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने चिखलदरा अमरावतीपेक्षा चार-पाच अंशांनी थंड असणे अपेक्षितच आहे. सेमाडोह खोऱ्यात असल्याने त्याचे गणित आणखी निराळे. हिवाळ्यातील शांत, निरभ्र रात्री डोंगरउतारावरची थंड, जड हवा ओघळून खोऱ्याच्या तळाशी साचते. त्यामुळे पहाटे नदीकाठ उतारापेक्षाही गार असू शकतो आणि धुकेही तिथेच दाटते. मोबाइलवरील ‘अमरावती : किमान तापमान’ हा आकडा सेमाडोहच्या पहाटेला लागू पडत नाही, तो यामुळे.

इथे पाऊस येतो कुठून?

पावसाळ्यात विदर्भाला मोठा पाऊस देणारे मुख्य साधन म्हणजे बंगालच्या उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे. ती ओडिशा किनाऱ्यावर आली, की छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि विदर्भाच्या अंगाने पश्चिम-वायव्येकडे सरकतात. अशा क्षेत्राच्या नैऋत्य भागात सर्वाधिक पाऊस पडतो. म्हणूनच क्षेत्राचे केंद्र मध्य प्रदेशात असतानाही मुसळधार पाऊस सातपुड्यावर पडू शकतो. त्याच वेळी अरबी समुद्राकडून येणारे बाष्पयुक्त वारे गाविलगडच्या भिंतीवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि डोंगरावर सपाट भागापेक्षा जास्त पाऊस पाडतात. वऱ्हाडात ज्याला ‘झड’ म्हणतात, तो दोन-तीन दिवस न थांबणारा पाऊस बहुतेकदा अशाच स्थितीत लागतो.

याउलट मोसमी पावसाचा आस हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला, की विदर्भात उघाड पडते. त्यामुळे सेमाडोहचा पाच-सात दिवसांचा ढोबळ अंदाज बांधायचा, तर पहिला प्रश्न विचारायचा : उपसागरात नवे कमी दाबाचे क्षेत्र तयार होत आहे का? ही माहिती हवामान विभागाच्या रोजच्या पत्रकात असते आणि हवामानाच्या बातमीतही बहुधा पहिल्या दोन-तीन ओळींत येते. ते क्षेत्र किनाऱ्यावरून सातपुड्यापर्यंत यायला साधारण दोन-तीन दिवस घेते. बेत बदलायला तेवढा वेळ पुरेसा आहे.

ऊन पडलेले असताना नदीला पूर कसा येतो?

खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या मेळघाटातील पाच प्रमुख नद्या. पाचही तापीला मिळतात. डोंगर बेसॉल्ट खडकाचा, उतार तीव्र आणि अनेक ठिकाणी मातीचा थर पातळ. पावसाळ्याच्या सुरुवातीचे पाणी जमीन पिऊन टाकते. पण जुलै-ऑगस्टमध्ये माती एकदा भिजून तृप्त झाली, की पुढचा पाऊस थेट नाल्यांत उतरतो.

एक साधा हिशेब पाहा. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी दहा कोटी लिटर होते. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. त्यातले निम्मे मुरले, तरी उरलेले निम्मे काही तासांत खाली येते. आणि हा हिशेब फक्त एका चौरस किलोमीटरचा आहे. नदीला पाणी देणारे डोंगर त्याच्या कितीतरी पट मोठे असतात. सेमाडोहला ऊन पडलेले असताना वरच्या दऱ्यांत दोन तासांपूर्वी पडलेला पाऊस असा अचानक समोर येऊन उभा राहतो. पावसानंतर सहा तासांच्या आत येणाऱ्या अशा पुराला हवामानशास्त्रात आकस्मिक पूर म्हणतात.

समुद्राच्या लाटांचा अंदाज काही दिवस आधी मिळतो, मग सिपनेचा का नाही?

गोव्याच्या किंवा कर्नाटकातील मुल्कीच्या किनाऱ्यावर सर्फिंग करणाऱ्यांना लाट किती उंच असेल, दोन लाटांत किती सेकंदांचे अंतर असेल, ती कोणत्या दिशेने येईल, हे काही दिवस आधी कळते. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही भारतीय संस्था असे अंदाज मच्छीमार आणि किनारपट्टीसाठी रोज देते. हे शक्य होते, कारण मोठ्या लाटा दूरवरच्या वादळी वाऱ्यांतून जन्मतात आणि मग स्वतंत्रपणे प्रवास करतात. पंधरा सेकंदांच्या अंतराने येणारी लाटांची मालिका खोल समुद्रात दिवसाला साधारण हजार किलोमीटर पुढे सरकते. दक्षिण हिंदी महासागरात उठलेली लाट भारताच्या किनाऱ्यावर पोहोचायला अनेक दिवस लागतात. लाट आधी दिसते आणि नंतर येते.

सिपनेच्या बाबतीत हा मधला प्रवासच नाही. ढग तयार होणे, पाऊस पडणे, नाले भरणे आणि नदी फुगणे हे सारे काही तासांत आणि काही किलोमीटरच्या आत घडते. शिवाय समुद्रावर लाटेच्या वाटेत डोंगर येत नाहीत. इथे एका रांगेच्या अलीकडे मुसळधार आणि पलीकडे नुसती भुरभुर असे होऊ शकते. म्हणून ‘रविवारी सेमाडोहला दुपारी दोन वाजता पूर येईल’ असे गुरुवारी कुणीच सांगू शकत नाही. ‘रविवारी या भागात पुराजोगा पाऊस होण्याची शक्यता आहे’ एवढेच सांगता येते, आणि निर्णय तेवढ्यावरच घ्यावा लागतो.

‘यलो अलर्ट’ म्हणजे पाऊस पडणारच का?

विदर्भासाठीचे इशारे नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हानिहाय देते. अमरावती जिल्ह्याचे क्षेत्रफळ बारा हजार चौरस किलोमीटरहून अधिक, तालुके चौदा. दर्यापूरचे काळ्या मातीचे सपाट शिवार आणि चिखलदऱ्याचा कडा या दोघांना मिळून एकच रंग मिळतो. त्यामुळे रंगासोबतचे शब्द वाचणे गरजेचे ठरते.

हिरवा रंग म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. पावसाच्या मोजमापाचे शब्दही ठरलेले आहेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘मुसळधार’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘अति मुसळधार’ आणि त्यापुढे ‘अत्यंत मुसळधार’. पाऊस किती भागात पडेल, हेही शब्दांतच सांगितलेले असते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जास्तीत जास्त पाव भागात. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण भागापर्यंत. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक.

आता ‘अमरावती जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार’ हे वाक्य पुन्हा वाचा. अमरावती शहरातल्या माणसासाठी तो कदाचित कोरडा दिवस ठरेल. पण जिल्ह्यातील ती ‘तुरळक ठिकाणे’ कोणती असण्याची शक्यता अधिक, याचे उत्तर नकाशावरील डोंगर देतात. मेळघाटात जाणाऱ्याने पिवळा इशारा नारिंगीसारखा आणि नारिंगी लालसारखा वाचावा, हा व्यवहारातला साधा नियम.

आणखी एक बारकावा. ‘गेल्या २४ तासांतील पाऊस’ हा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ या काळाचा असतो. सकाळच्या बातमीतला आकडा म्हणजे काल सकाळपासून आज सकाळपर्यंत पडलेला पाऊस. तो जुना म्हणून सोडून देऊ नये, कारण माती किती भिजली आहे हे तोच सांगतो. राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस पाहता येतो. दोन-तीन दिवस आकडे चढते असतील, तर त्यानंतरचा मध्यम पाऊसही नदी फुगवू शकतो.

रडारला मेळघाट दिसते का?

दिसते, पण अर्धवट. पुढील तीन तासांचा ‘तात्काळ अंदाज’ देताना डॉप्लर रडारची मोठी मदत होते. नागपूर ते सेमाडोह हे हवाई अंतर सुमारे १८० किलोमीटर आहे. रडारचा सर्वांत खालचा झोत जमिनीशी साधारण अर्ध्या अंशाचा कोन करून निघतो. तो जवळपास सरळ जातो आणि पृथ्वी मात्र खाली वाकत जाते. त्यामुळे सेमाडोहच्या आकाशात पोहोचेपर्यंत हा झोत तीन किलोमीटरहून अधिक उंचीवर गेलेला असतो. उंच वाढलेले गडगडाटी ढग त्याला टिपता येतात. पण डोंगराला टेकून बरसणारे कमी उंचीचे ढग झोताच्या खालून निसटू शकतात. ‘रडारवर काही दिसत नाही’ याचा अर्थ ‘पाऊस नाही’ असा इथे घेता येत नाही.

अंदाज सुधारत आहेत का?

निश्चितच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये सेवेत आली. आधीच्या प्रारूपात जमिनीचे तुकडे १२ किलोमीटरचे होते, ते आता सहा किलोमीटरचे झाले. मेळघाटासारख्या प्रदेशात हा फरक महत्त्वाचा आहे. बारा किलोमीटरच्या तुकड्यात कडा आणि दरी यांची सरासरी होऊन डोंगर बुटका होतो. सहा किलोमीटरमध्ये त्याची उंची थोडी अधिक खरी दिसते. तरीही सिपनेच्या एखाद्या नाल्याचे खोरे त्याहूनही लहान असते.

आकस्मिक पुरासाठी हवामान विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये दक्षिण आशियासाठीची मार्गदर्शन प्रणाली सुरू केली. पडलेला पाऊस, मातीतील ओल आणि पुढचा अंदाज एकत्र करून ती पुढील सहा आणि २४ तासांचा धोका लहान खोऱ्यांच्या पातळीवर सांगते. विजांसाठी पुण्याच्याच संस्थेचे ‘दामिनी’, तर सर्व आपत्तींच्या इशाऱ्यांसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे ॲप आहे. केंद्रीय जल आयोगाचे ‘फ्लडवॉच इंडिया’ ऑगस्ट २०२३ मध्ये आले. त्याचा उपयोग मुख्यतः तापीसारख्या मोठ्या नद्यांसाठी होतो.

अडचण शेवटच्या टप्प्यावर येते. हे सगळे ॲप चालायला मोबाइलला रेंज लागते. ‘डिजिटल गाव’ म्हणून २०१६ मध्ये गाजलेले हरिसाल याच रस्त्यावर पुढे आहे, तरी घाटात आणि जंगलाच्या मोठ्या पट्ट्यांत नेटवर्क जाते-येते. म्हणजे इशाऱ्याची सर्वाधिक गरज असते, तिथेच तो पोहोचण्याची खात्री सर्वांत कमी.

पर्यटक परततात, गावांचे काय?

पर्यटकासाठी चुकलेला अंदाज म्हणजे वाया गेलेली सहल. मेळघाटातील कोरकू पाड्यांसाठी रपट्यावरून पाणी गेले, की दवाखाना, बाजार, शाळा आणि रेशन यांची वाट तुटते. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला नाल्याच्या अलीकडे किती तास थांबावे लागेल, हा इथे हवामानाचाच प्रश्न असतो.

म्हणूनच या भागातील काही सरकारी योजना मुळात पावसाळ्याच्या हिशेबानेच आखलेल्या आहेत. १९९५ पासूनच्या नवसंजीवनी योजनेत संपर्क तुटणाऱ्या गावांत पावसाळ्यापूर्वीच धान्य पोहोचवण्याची तरतूद आहे. ‘माहेरघर’ योजनेत दुर्गम गावांतील गरोदर महिलेला बाळंतपणाच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्रात आणून ठेवले जाते. या दोन्ही योजनांचे तत्त्व एकच : पूर कधी येईल हे सांगता येत नाही, म्हणून पूर आल्यावर लागणारी गोष्ट आधीच अलीकडे आणून ठेवा. पाच दिवसांचा अंदाज जितका नेमका, तितकी ही धावपळ वेळेवर होते. उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आरोग्यसेविकेसाठी पर्यटकापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

कोणत्या महिन्यात काय अपेक्षित?

जून : मोसमी पाऊस विदर्भात साधारण महिन्याच्या मध्याला पोहोचतो. त्याआधी दुपारनंतर वादळी वारे आणि विजांचा जोर. या महिन्यात पुरापेक्षा विजेचा आणि पडणाऱ्या झाडांचा धोका मोठा.

जुलै-ऑगस्ट : पावसाचा मुख्य काळ. झड, घाटात धुके, दरडी आणि नाल्यांना पूर. व्याघ्र प्रकल्पातील सफारीवरही या काळात निर्बंध असतात. त्यामुळे वन विभागाकडे चौकशी केल्याशिवाय निघू नये.

सप्टेंबर : ‘आला पोळा, पाऊस झाला भोळा’ अशी म्हण वऱ्हाडात प्रचलित आहे. पण सप्टेंबरमध्येही उपसागरातून कमी दाबाची क्षेत्रे येतात आणि तेव्हा माती पुरती भिजलेली, नाले भरलेले असतात. पाऊस भोळा झाला, तरी नदी भोळी झालेली नसते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : पाऊस परततो, हवा स्वच्छ होते, नदीला पाणी असते. बहुतेकांसाठी सर्वांत सोयीचा काळ.

डिसेंबर-फेब्रुवारी : कडाक्याची थंडी आणि खोऱ्यात पहाटेचे धुके. हिवाळ्याच्या अखेरीस विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारपीट होऊ शकते.

मार्च-मे : सपाट वऱ्हाडात पारा ४५ अंशांकडे जातो. जंगलात वणव्याचा धोका असतो. नदीत उरतात ते डोह, आणि त्यांवर पहिला हक्क वन्यप्राण्यांचा.

निघण्यापूर्वी काय पाहावे?

तीन टप्पे पुरेसे आहेत. तीन दिवस आधी : उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र आहे का, आणि ते विदर्भ-मध्य प्रदेशाकडे येत आहे का? आदल्या संध्याकाळी : अमरावती जिल्ह्याचा रंग कोणता, आणि गेल्या दोन दिवसांत चिखलदरा, धारणी तालुक्यांत किती पाऊस झाला? परतवाड्यात, घाट चढण्यापूर्वी : पुढील तीन तासांचा तात्काळ अंदाज काय सांगतो? इथे रेंज असते, त्यामुळे ही शेवटची खात्रीची तपासणी. सोबत चौथी गोष्ट, जी कोणत्याही ॲपमध्ये नसते. सेमाडोहकडून नुकत्याच आलेल्या एसटीच्या चालकाला किंवा वन विभागाच्या नाक्यावर विचारा : ‘रपट्यावर पाणी आहे का?’ आपल्या परतीची वेळ घरी सांगून ठेवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, आपत्कालीन ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा.

ही वळणे कोरड्या दिवशीही जपून चालवावी लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये सेमाडोहजवळ खासगी बस पुलाखाली कोसळून प्रवाशांना प्राण गमवावे लागले होते. पाऊस आणि धुके असेल, तर अंधार पडण्यापूर्वी घाट उतरलेला बरा.

नदीकाठी असताना धोका कसा ओळखावा?

पाणी अचानक गढूळ होणे, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागणे, वरच्या बाजूने घुमणारा आवाज येणे, पाण्याखालील एखादा ओळखीचा दगड दिसेनासा होणे, या खुणा लोंढ्याच्या आधीच्या आहेत. यातली एकही दिसली, की सामान गोळा करत न बसता उंचावर जावे. प्रवाहात अडकलेल्या खडकावर थांबू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले, की विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ते दहाच्या आत असेल, तर उघडी जागा आणि एकटे झाड सोडावे.

रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर थांबणे हा एकमेव पर्याय. घोट्याच्या वर चढलेले वेगवान पाणीही माणसाचा तोल घालवते आणि फूटभर वाहते पाणी लहान मोटार उचलू शकते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला, हे वरून कळत नाही. डोंगरी नदी जितक्या वेगाने चढते, तितक्याच वेगाने उतरतेही. वरचा पाऊस थांबला, तर काही तासांत रपटा बहुधा मोकळा होतो. तोपर्यंत गाडी उंचावर लावून वाट पाहण्याची तयारी हवी. त्यासाठी पाणी, खाण्याचे चार पदार्थ आणि हातात रिकामी संध्याकाळ ठेवूनच सेमाडोहला निघावे.